खांब चित्रात राहू दे

प्रदर्शन लावलं की एक प्रश्न हमखास येतो. ताई, चित्र फार सुंदर आहे, पण तो मुठेच्या पात्रातला मेट्रोचा खांब कशाला घेतलात, तेवढा गाळला असता तर नदी किती छान दिसली असती. विचारणारी माणसं मनापासून विचारतात, चित्रासमोर बराच वेळ उभी असतात, त्यामुळे दोन शब्दात उत्तर देऊन मोकळं व्हायचं माझ्या जिवावर येतं, पण हॉलमध्ये गर्दी असते, मधेच कोणीतरी नमस्कार करायला येतं आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी जलरंगात लँडस्केप करते. जवळजवळ सगळं स्पॉटवर, पुण्यात नाहीतर पुण्याच्या आसपास. अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकले, मग बरीच वर्षं एका जाहिरात कंपनीत लेआउट केले, तेव्हाही रविवारी पहाटे बोर्ड घेऊन बाहेर पडायचे आणि सोमवारी मीटिंगमध्ये बसून डोक्यात मात्र कालच्या चित्रातली सावली फिरत असायची. शेवटी नोकरी सोडली. घरच्यांनी समजून घेतलं, शनिवार-रविवारचे क्लास सुरू केले, त्यावर घर चाललं आणि आठवड्यातल्या बाकीच्या सकाळी माझ्या झाल्या. या सकाळी मला कशाहीपेक्षा जास्त प्रिय आहेत.

आता खांब. त्याच्या आधी उजेडाबद्दल बोलावं लागेल, कारण चित्रात काय राहणार आणि काय जाणार हे बरंचसं उजेडावर ठरतं.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडून इतका कलून जातो की भर दुपारीसुद्धा माणसाची सावली जवळजवळ माणसाएवढी पडते. म्हणजे हिवाळ्यात सकाळ हुकली तरी चित्र हुकत नाही, अकरा वाजता सुद्धा भिंतीवर तिरपा उजेड असतो, खिडकीच्या छज्जाची सावली खाली उतरलेली असते, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला एक उजळ कड आणि एक काळी कड असते. मे महिन्यात सगळं उलटं. 13 मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली दिवस येतो, साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच संपते. तेव्हा पर्वती सपाट, मंडई सपाट, झाडं म्हणजे नुसते हिरवे ठोकळे. वस्तूला आकार आहे हे आपल्याला सावलीमुळे कळतं, सावलीच नसेल तर मी कागदावर काय मांडणार. मेमध्ये मी साडेआठच्या आत सामान आवरते आणि संध्याकाळी पाचनंतरच परत बाहेर काढते.

हिवाळ्यातल्या नदीकाठची अजून एक गंमत. रात्री थंड झालेली हवा पात्रात खाली बसून राहते, तिच्यावर जराशी गरम हवा असते त्यामुळे ती वर जाऊ शकत नाही, आणि शहराचा सगळा धूर आणि धूळ त्यात अडकून पडते. तब्येतीला हे वाईट, त्याबद्दल दुमत नाही. पण डोळ्याला काय दिसतं तर डेक्कनच्या बाजूने लकडी पुलाकडे बघितलं की लांबच्या इमारतींचे पाय दिसतच नाहीत, वरचे मजले फिकट निळ्या हवेत नुसते तरंगत असतात आणि त्यांच्यापुढे मेट्रोचे खांब एकामागून एक, जवळचा ठळक, त्याच्या मागचा जरा फिका, त्याच्या मागचा आणखी फिका, शेवटचा तर फक्त आहे असं वाटण्यापुरता. अंतर दाखवायला याहून चांगली गोष्ट मला पुण्यात मिळालेली नाही. जुन्या चित्रांमध्ये हेच काम झाडांच्या रांगा करायच्या.

एका सकाळचं चित्र कसं होतं ते नीट सांगते, म्हणजे खांबाचा मुद्दा आपोआप कळेल.

जागा पात्रातली, डेक्कनच्या बाजूची. कागद कॉटनचा, 300 जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, हाफ इम्पीरियल म्हणजे 15 बाय 22 इंच, बोर्डला चारी बाजूंनी टेप लावलेला. पेन्सिलने फार काही काढत नाही, पुलाची एक तिरपी रेघ, खांबांच्या जागा, पलीकडच्या काठाची उंची, एवढं पुरतं. मग पहिला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा सलग थर. रॉ सिएना हा मातकट पिवळा अगदी पातळ, त्यात रोज नावाच्या गुलाबीचा एखादा थेंब, आभाळापासून सुरू करून थेट खाली पाण्यापर्यंत, मधे कुठेही न थांबता. कोरडं ठेवायचं ते फक्त पुलाच्या वरच्या कडेवर पडलेलं ऊन आणि पाण्यात उभे असलेले दोन-चार बगळे. हा वॉश ओलसर असतानाच लांबच्या इमारती, कोबाल्ट निळ्यात किंचित बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, वरची कड धरून ठेवायची आणि खालची पाण्याने विरघळवून टाकायची. इथपर्यंत घाई असते, तोंडातून शब्द निघत नाही, कोणी काही विचारलं तर मी फक्त मान हलवते आणि लोकं बिचारी समजून घेतात.

मग कागद वाळू द्यायचा. पाणी प्यायचं. आणि या वेळात खांबाकडे बघत बसायचं. काँक्रीटला आपण राखाडी म्हणून मोकळे होतो, पण सकाळी साडेसातला त्या खांबाची पेठांकडची बाजू गुलाबीसर असते, पिकल्या पेरूच्या आतल्या रंगासारखी, आणि डेक्कनकडची बाजू निळी. खालच्या दोन-तीन फुटांत ती निळी बाजू परत उबदार होते, कारण समोरच्या मातीवर पडलेलं ऊन उसळून तिच्यावर येतं. हे मी बसून बसून शिकले, आधी मलाही खांब म्हणजे खांबच दिसायचा. उजेडातल्या बाजूला मी हातच लावत नाही, पहिल्या वॉशचा रंग तिथे आहे तोच पुरेसा. सावलीची बाजू अल्ट्रामरीन या गडद निळ्याची आणि बर्न्ट सिएनाची, भरपूर पाण्यात. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, कागदाच्या खळग्यांत खाली बसतात, वाळल्यावर तिथे जो रवाळपणा येतो तो हुबेहूब काँक्रीटचा. खाली ओल्यातच थोडा गेरूसारखा रंग सोडायचा आणि ब्रश उचलायचा. परत त्यात जायचं नाही. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की रंग मळतो.

आणि मग सावली. सकाळची सावली डेक्कनच्या अंगाला पडते. ती खांबापासून निघते, पात्रातल्या गवतावरून जाते, दगडाशी आली की तुटते, दगडावर चढून पलीकडे परत सापडते, आणि काठाचा चढ सुरू झाला की तिचा कोन बदलतो. ही एक सावली कागदावर बरोबर पडली की बघणाऱ्याला काही न सांगता कळतं की इथे जमीन सपाट आहे, इथे दगड आहेत, इथून ती वर चढते. खांब काढून टाका, सावली जाते. सावली गेली की पात्राची जमीन गेली, उरतो नुसता हिरवट पिवळा पट्टा. म्हणजे ज्या नदीसाठी खांब गाळायचा ती नदीच चित्रातून जाते.

हा झाला तंत्राचा भाग. पण माझं म्हणणं तेवढंच नाही.

पुण्यात जागेवर बसून चित्र काढायची पद्धत आज-कालची नाही. 1790 च्या दशकात चार्ल्स मॅलेट हा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, पुण्यात होता, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्यामुळे इथे आला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं त्याने केली, शनिवारवाड्यात चित्रशाळाही निघाली. त्यांच्याबरोबर आपला पुण्याचा माणूस होता, गंगाराम तांबट. वेरूळला जाऊन, लेण्यांसमोर बसून त्याने ड्रॉइंग्ज केली. पेशव्यांच्या शिकारखान्यात, म्हणजे जनावरं ठेवायच्या जागेत, असलेला गेंडा काढला, कसरत करणारे पहिलवान काढले. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि मी ती स्क्रीनवर मोठी करून कितीतरी वेळ बघत बसते. त्या माणसाने समोर जे होतं ते काढलं. त्याच्यासाठी ते पहिलवान म्हणजे तेव्हाची रोजची माणसं, त्यात त्याला काही जुनंपुराणं वाटलं नसणार. आज आपल्याला ते अनमोल वाटतं ते याच कारणाने. त्याने त्याच्याही शंभर वर्षं आधीचं पुणं कल्पनेने काढलं असतं तर आपल्या हाताला काय लागलं असतं?

आणि आपण सगळे ज्याला जुनं पुणं म्हणतो ते तरी किती जणांनी बघितलंय. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचे वाडे, घाटालगतची घरं, बोळ वाहून गेले, नंतर काठावर जे उभं राहिलं ते वेगळंच होतं. आज चाळिशीतला माणूस मला सांगतो की जुना नदीकाठ काढा, तेव्हा त्याच्या मनातला नदीकाठ हा कोणाच्या तरी चित्रातला नाहीतर फोटोतला असतो. त्यात वाईट काही नाही, आठवणी अशाच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पण मी तो काढला तर मी चित्रावरून चित्र काढलं. माझे डोळे त्यात कुठे आले.

वाड्यांची चित्रं खपतात हे खरं आहे. दिंडी दरवाजा, तुळशीवृंदावन, कोपऱ्यात सायकल, असं चित्र पहिल्या दिवशी जातं. जुन्या फोटोवरून वाडा करून द्या अशा ऑर्डरी पण येतात आणि चांगले पैसे देणारी माणसं असतात, पण मी त्या घेत नाही. वाडा उभा असेल तर मात्र एका पायावर तयार असते, सांगा कुठे यायचं ते.

अशीच एकदा पेठेत गेले होते, वाडा रिडेव्हलपमेंटला जाणार होता, तिथल्या आजोबांना त्याचं चित्र हवं होतं. मी रस्त्याच्या पलीकडे बसले आणि काढायला सुरुवात केली. या शहरात वाड्यासमोर कागद घेऊन बसलात की दहा मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतंच, मॅडम, कॉर्पोरेशनकडनं आलात का, रस्ता रुंदीकरणात जाणारे का हे? त्या दिवशी पण तीन जण येऊन गेले. मग आजोबा स्वतः खाली आले, कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, ती वरची काळी टाकी पण घ्या हो, आणि डिशची छत्री पण. मी म्हटलं आजोबा, घेते की, मी सगळं घेते. तर म्हणाले, नाही, आधी एकाने काढलं होतं त्याने ती गाळली, मुलगा बघून म्हणाला हे आपलं घर नाहीच. टाकी यायच्या आधी खालच्या नळावरून कळशा भरून न्यायला लागायच्या त्यांच्या बायकोला, टाकी बसवली तो दिवस त्यांच्या घरात सणासारखा होता. मी ती टाकी फार काळजीपूर्वक काढली. उन्हात काळं प्लॅस्टिक काळं दिसत नाही, एका बाजूला आभाळाचा निळा घेतं. ते चित्र आता त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये आहे.

फोटोवरून का करत नाही हेही विचारतात. फोन माझ्याकडेही आहे, रचना बघायला वापरते, कुठून कापायचं ते पटकन कळतं. पण फोनचा कॅमेरा एका वेळी एकच काय ते सांभाळतो, आभाळ नीट आलं तर सावल्या काळ्याकुट्ट होतात, सावल्या उघडल्या तर आभाळ पांढरंफटक. डोळा तसं करत नाही, तो सावलीत शिरतो, तिथे त्याला जांभळं दिसतं, हिरवं दिसतं, मग बाहेर येऊन आभाळ बघतो. आता नवे फोन सगळंच उजळ करून देतात, त्यातून वेगळीच अडचण, कुठे बघायचं तेच कळत नाही. क्लासमधली मुलं फोटो बघून केलेलं चित्र आणतात ते मला लांबून ओळखू येतं, सावल्या सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या असतात. मी त्यांना म्हणते, बाळांनो, खाली पार्किंगमध्ये जा आणि पांढऱ्या गाडीच्या सावलीचा रंग बघून या. जातात आणि हरखून परत येतात. निळा आहे मॅडम! हो, निळाच असतो, वरचं आभाळ पडतं ना त्याच्यावर.

टेकडीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. वेताळ टेकडीवर मी पाषाणच्या बाजूनेही जाते आणि लॉ कॉलेजच्या बाजूनेही, आणि दर वेळी नवीन काहीतरी मिळतं. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक आडवे थर साचत गेले आणि मग पावसाने ते कापले, त्यामुळे सह्याद्रीचा डोंगर टोकदार नसतो, माथा सपाट आणि अंग पायऱ्यापायऱ्यांचं. सिंहगड बघा, पुरंदर बघा. मुलं मात्र डोंगर म्हटलं की त्रिकोण काढतात, वर बर्फ घालायचं तेवढं बाकी ठेवतात, कारण डोक्यात कॅलेंडरचा हिमालय असतो. आधी आडव्या रेषा बघा, एवढं सांगितलं की अर्ध्या तासात कागदावर सिंहगड येतो.

दगडाला आपण काळा पत्थर म्हणतो, पण टेकडीवरच्या जुन्या खाणीत उतरून बघा, ताज्या कापलेल्या भिंतीत जांभळट तपकिरी रंग आहे, भेगांमधून गंजासारखा पिवळा उतरलाय आणि खाली साचलेल्या पाण्यात तो सगळा उलटा पडलेला असतो. काळा ट्यूबमधला रंग मी पिशवीत ठेवतच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्यातच दगडाच्या सगळ्या छटा मिळतात, निळा जास्त झाला तर सावली, तपकिरी जास्त झाला तर ऊन. हाच अल्ट्रामरीन एकेकाळी अफगाणिस्तानातल्या खाणींमधून येणाऱ्या नीलमण्यासारख्या लाजवर्द दगडातून काढायचे आणि तो अतिशय महाग असायचा, 1828 च्या सुमाराला फ्रान्समध्ये तो कारखान्यात करायला जमलं म्हणून माझ्यासारखीच्या पिशवीत आला. आणि 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याची दाबून रंग काढायची ट्यूब शोधली म्हणून तैलरंगवालेही स्टुडिओबाहेर पडले. दर सकाळी बाहेर पडताना मला या माणसांबद्दल खरोखर कृतज्ञता वाटते.

टेकडीचे रंग तर महिन्यागणिक बदलतात. दिवाळीनंतर गवत पिवळं, संक्रांतीच्या पुढे खाकी, मधेच कुठे वणवा लागून काळे पट्टे. ग्लिरिसिडियाची पानं झडून त्याला फिकी गुलाबी फुलं येतात. ते झाड बाहेरचं, वनखात्याने लावलेलं, अभ्यासक त्याच्यावर नाराज असतात आणि त्यांची कारणं मला पटतात, पण फेब्रुवारीत खाकी उतारावरचा तो गुलाबी धूसर पट्टा मी सोडू शकत नाही. मग जून येतो आणि पंधरवड्यात सगळं हिरवं, आणि लँडस्केप करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावला की चित्र कच्चं दिसतं. हिरव्यात थोडा तांबडा गेलाच पाहिजे, जवळच्या गवतात पिवळा जास्त, लांबच्या उतारावर निळा जास्त, आणि ढग खाली आले की सगळ्यात लांबचा हिरवा हिरवा राहतच नाही.

पावसाळ्यात कागद वाळत नाही ही आमच्या धंद्यातली मोठी अडचण. मेमध्ये ब्रश कागदाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत वॉश वाळून जातो, म्हणून मी कागद मागच्या बाजूनेही भिजवून घेते. जुलैमध्ये तोच वॉश अर्धा तास तसाच ओला, कडा पसरत राहतात. मग त्या दमटपणालाच धरून काम करायचं, पसरू द्यायचं, कड फक्त एकदोन ठिकाणी हवी तिथे शेवटी द्यायची. पावसाची चित्रं मी जास्त करून नळस्टॉपच्या दुमजली पुलाखाली बसून केली आहेत. वर मेट्रो, मधे गाड्या, खाली मी आणि भाजीवाली आणि पावसात अडकलेले चार जण. ओल्या रस्त्यात सिग्नलचा लाल उभा ओघळतो तेव्हा मला तिथून उठवत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हाही मी काठावर असते, अर्थात लांब, सुरक्षित जागी. त्या पाण्याचा तपकिरी रंग वर्षभरात परत कधी मिळत नाही.

बाईमाणसाने एकटीने बाहेर बसून काम करायचं म्हणजे काय काय बघावं लागतं यावर कोणी लिहीत नाही म्हणून थोडं लिहिते. जागा निवडताना आधी चित्र बघत नाही, आधी बघते की आसपास देवळाची पायरी, चहाची टपरी, फुलवाली, असं कोणी आहे का. पाठीमागे भिंत हवी, मागून लोकं वाकून बघतात ते त्रासाचं होतं. स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत हवं, नाहीतर तहान मारत बसावं लागतं. सुरुवातीला मैत्रिणीला घेऊन जायचे. आता पहाटे झाडलोट करणाऱ्या बायका मला ओळखतात, ताई आज इकडे का, काल ऊन तिकडे चांगलं होतं, असं सांगतात, आणि त्यांचं ऐकलं की फायदाच होतो, रोज त्या वेळी रस्त्यावर असणाऱ्यांना उजेड माझ्यापेक्षा जास्त माहीत असतो.

पैशाचं म्हणाल तर निव्वळ चित्रविक्रीवर घर चालवणारे थोडे. हॉलचं भाडं, फ्रेम, काच, माउंट, टेम्पो, यात बरंच जातं. चांगला कॉटनचा कागद बाहेरून येतो आणि महाग पडतो. सरावाला मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरते, 1940 पासूनची संस्था आहे, त्या कागदाचा पोत खडबडीत, पाणी पटकन पितो, ड्राय ब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग ओढायला, सुरेख. बाकी क्लास. त्यात एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची मुलं असतात, दहावीला मार्क वाढतात म्हणून येतात, आणि त्यातली एकदोन परीक्षा संपल्यावरही येत राहतात. त्यांच्यासाठी मी काहीही करायला तयार असते.

कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात शिकून गावी परत गेले आणि रंकाळा, कोटितीर्थ ही तिथली तळी रंगवत राहिले. प्रल्हाद धोंडांनी कोकणचा समुद्र भरपूर पाण्यात, मोजक्या फटकाऱ्यांत काढला. दोघांनीही आपल्या अंगणातलं पाणी काढलं. माझ्या अंगणातलं पाणी मुठेचं आहे, त्यात जलपर्णी आहे, वास आहे, आणि काठावर खांब आहेत.

शेवटचं एक सांगते, कारण याच्यावरून गैरसमज होतो. खांब चित्रात घेतला म्हणजे तो मला मान्य आहे असा अर्थ नाही. 6 मार्च 2022 ला मेट्रो सुरू झाली, मी तिने जाते-येते, सोय झाली आहे. पण पात्रातून ती जायला नको होती असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. 2023 मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले त्यात मी होते. बंडगार्डनच्या बाजूला नदीकाठ सुधारणेच्या नावाखाली काठ बांधून काढतायत, तिथल्या मोठ्या झाडांकडे बघून जीव तुटतो. ही भूमिका मी माणूस म्हणून घेते, मोर्चात जाऊन, पत्रावर सही करून. कागदासमोर बसले की मला जे दिसतं ते मांडायचं. मी जर चित्रातून खांब पुसला, बांधकाम पुसलं, क्रेन पुसली, तर पात्रात काही घडलंच नाही असं माझं चित्र म्हणेल, आणि मग ज्याला ते घडू नये असं वाटतं त्याच्याही ते काही कामाचं नाही.

या हिवाळ्यात बंडगार्डनपासून संगमापर्यंतचा काठ करायला घेणार आहे, सकाळच्या उजेडात, जे असेल ते धरून. क्लासबाहेरच्या कोणाला यायचं असेल तर या. सात वाजता बसलेलं असलं पाहिजे, साडेसातला ऊन पाण्यावर येतं. बोर्ड, पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी आणि बसायला काहीतरी घेऊन या, रंग नसतील तर माझ्यातले वापरा.